सेरामपूरचे बाप्टिस्ट मिशन : नियुक्ती, निधी आणि मराठी मुद्रित गद्याचा प्रारंभ

१. विषयप्रवेश

अर्वाचीन मराठी गद्याचा इतिहास लिहिताना सेरामपूरचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण (१८०५) आणि मराठी-इंग्रजी कोश (१८१०) यांची नोंद बहुतेक वाङ्मयेतिहासांत आढळते. 'सिंहासनबत्तिशी', 'हितोपदेश' आदी ग्रंथांची यादीही दिली जाते. परंतु या ग्रंथनिर्मितीमागील प्रेरणेचे स्पष्टीकरण देताना अभ्यासक दोनच सूत्रांचा आधार घेतात. एक, मिशनऱ्यांचा धर्मप्रसाराचा उत्साह. दुसरे, कंपनी सरकारची प्रशासकीय गरज. ही दोन्ही सूत्रे चुकीची नाहीत. मात्र ती अपुरी आहेत. उत्साहाने ग्रंथ लिहिला जाईल, पण छापला जाणार नाही. त्यासाठी खिळे पाडावे लागतात, कागद घ्यावा लागतो, पंडितांना मासिक वेतन द्यावे लागते. हा पैसा कोठून आला, तो देणाऱ्यांनी कोणत्या अटी घातल्या, आणि सातासमुद्रापलीकडे पाठविलेल्या माणसाची नियुक्ती नेमकी कोणी केली, हे प्रश्न मराठीच्या अभ्यासात क्वचितच विचारले गेले आहेत. प्रस्तुत लेखात बाप्टिस्ट पंथीयांच्या परदेशी मिशनची नियुक्तिपद्धती आणि अर्थव्यवस्था तपासून, तिचा मराठी मुद्रित गद्याच्या स्वरूपाशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

येथे अभिप्रेत असलेले सेरामपूर हे बंगालमधील हुगळीकाठचे गाव होय. मराठी लेखनात त्यास 'श्रीरामपूर' असेही म्हटले जाते. नगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगरमधील) श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हा गोंधळ वारंवार दिसत असल्याने त्याचा निर्देश आवश्यक वाटतो.

२. नियुक्तीचे तीन नमुने

भारतात धर्मोपदेशक पाठविण्याची रीत कॅरींपूर्वी दोन शतकांहून अधिक काळ चालत आली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण मराठी वाचकाला परिचित आहे. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापलेले त्यांचे 'क्रिस्तपुराण' ज्या व्यवस्थेत जन्मास आले, ती पोर्तुगीज राजाच्या आश्रयाची व्यवस्था होती. चर्चची उभारणी आणि धर्मोपदेशकांचा निर्वाह ही राजाची जबाबदारी, आणि त्या बदल्यात नेमणुकांवर राजाचा अधिकार, असा तो करार होता. तंजावरजवळच्या तरंगमबाडी येथे १७०६ मध्ये आलेले झीगेनबाल्ग हेही डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले होते. दोन्ही ठिकाणी नियुक्तीचा अधिकार आणि पैशाची थैली एकाच हाती होती.

बाप्टिस्टांची स्थिती मुळातच निराळी होती. इंग्लंडमध्ये ते अधिकृत राष्ट्रीय चर्चच्या बाहेरचे, म्हणजे 'डिसेंटर' होते. त्यांना राजाश्रय नव्हता, आणि बिशपही नव्हता. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असून तिच्यावर कोणाही वरिष्ठाची सत्ता चालत नाही, हे त्यांच्या पंथाचे मूलतत्त्व. शंभर-दोनशे माणसांची, बहुधा कारागीर आणि लहान व्यापाऱ्यांची एखादी मंडळी आपल्या पाळकाचे वेतनही जेमतेम देत असे. तिने हजारो मैल दूर माणूस पाठवावा हे अशक्यच होते. अनेक मंडळ्यांनी एकत्र यावे, तर त्यांच्यावर हुकूम चालविणारी मध्यवर्ती सत्ता निर्माण होण्याचे भय. या पेचातून जो मार्ग निघाला तो म्हणजे वर्गणीदारांची संस्था. ती चर्च नव्हती. वर्गणी देणाऱ्या व्यक्तींनी एका विशिष्ट कार्यासाठी स्थापिलेले ते मंडळ होते.

हा तिसरा नमुना कॅरी यांनी १७९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत आधीच मांडला होता. परधर्मीयांपर्यंत पोहोचण्यासाठी साधनांचा अवलंब करणे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे की नाही, हा त्या पुस्तिकेचा प्रश्न. तिच्यात जगातील देशांची क्षेत्रफळ, लोकसंख्या व धर्म यांची कोष्टके आहेत. आणि शेवटी व्यावहारिक योजना आहे. व्यापारी लोक सनद मिळविण्यासाठी आणि नफ्यासाठी जसे मंडळ उभारतात, तसेच श्रद्धावंतांनी उभारावे, आठवड्याला एक पेनी इतकी अल्प वर्गणीही पुरेशी ठरेल, आणि गुलामगिरीच्या निषेधार्थ वेस्ट इंडीजची साखर सोडलेल्या कुटुंबांची झालेली बचत या कामी वळविता येईल, असे कॅरी सुचवितात. म्हणजे या विचाराचा साचा व्यापारी कंपनीचा आहे. ज्या ईस्ट इंडिया कंपनीने पुढे मिशनऱ्यांना दार बंद केले, तिच्याच जातीचा हा संघटनेचा आकार होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

३. केटरिंगची वर्गणी आणि पहिली नेमणूक

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे एका विधवेच्या घरातील बैठकीच्या खोलीत ही संस्था स्थापन झाली. त्या दिवशी जमलेल्या वचनांची रक्कम १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स होती. अँड्र्यू फुलर हे पहिले चिटणीस झाले आणि १८१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. पुढे फुलर यांनीच नोंदविलेले एक रूपक या मिशनच्या इतिहासात रूढ झाले. भारत ही जणू खोल खाण आहे. कॅरी तीत उतरावयास तयार आहेत, मात्र वर राहणाऱ्यांनी दोर घट्ट धरून ठेवावा. दोर धरणाऱ्यांचा खाणीत उतरणाऱ्यावर अधिकार किती, हा प्रश्न त्या वेळी कोणास सुचला नाही. पंचवीस वर्षांनी तोच प्रश्न संस्थेला दुभंगणारा ठरला.

जानेवारी १७९३ मध्ये संस्थेने डॉ. जॉन थॉमस आणि विल्यम कॅरी यांची नियुक्ती केली. थॉमस हे जहाजावरील वैद्य म्हणून बंगालमध्ये राहिलेले. कॅरी हे चर्मकाराच्या धंद्यातून पाळक झालेले आणि स्वतःच्या प्रयत्नाने अनेक भाषा शिकलेले. येथे नियुक्ती दुहेरी असे. संस्था निवड करी आणि खर्च देई. पण पाळकाला त्याच्या मंडळीने मोकळे करावे लागे. कॅरींना लेस्टरच्या मंडळीने सोडले तेव्हा त्या मंडळीचाही या कार्यात वाटा झाला. पत्नी डॉरोथी प्रथम निघावयास तयार नव्हत्या. शेवटी त्या बहिणीला सोबत घेऊन निघाल्या. त्यांची संमती नियुक्तिपत्राचा भाग नव्हती. नेमणूक पुरुषाची आणि परिणाम कुटुंबाचा, ही विषमता या पद्धतीत आरंभापासून आहे. बंगालमध्ये मुलाचा मृत्यू आणि दारिद्र्य यांच्या आघाताने डॉरोथींचे मन ढळले, आणि १८०७ मध्ये त्याच अवस्थेत त्यांचा अंत झाला.

कंपनीचा परवाना नसल्याने इंग्रजी जहाजावरून त्यांना उतरावे लागले. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजातून निघून ते ११ नोव्हेंबरला कलकत्त्यास पोहोचले. सोबत आणलेला पैसा थोड्याच काळात संपला. एका पत्राचे उत्तर मिळण्यास वर्षाच्या आसपास काळ लागे, त्यामुळे इंग्लंडहून येणाऱ्या रकमेवर जगणे अशक्य झाले. १७९४ मध्ये कॅरी यांनी मालदा भागातील मदनावती येथे जॉर्ज उडनी यांच्या नीळ कारखान्याचे व्यवस्थापकपद दरमहा २०० रुपयांवर स्वीकारले, आणि आता आपणास संस्थेच्या पैशाची गरज नाही, तो अन्यत्र वापरावा, असे कळविले. संस्थेने मात्र आनंद मानण्याऐवजी, धंद्याच्या व्यापात धर्मकार्य मागे पडू नये अशी सूचना पाठविली. वेतन न घेणाऱ्या सेवकावर नियंत्रण कसे ठेवावे, ही अडचण या पत्रव्यवहारातच प्रथम प्रकट झाली.

४. सेरामपूरचे सामाईक कुटुंब

१७९९ मध्ये संस्थेने नवी तुकडी पाठविली. तीत विल्यम वॉर्ड आणि जोशुआ मार्शमन हे होते. वॉर्ड मुद्रणव्यवसायात शिकलेले व वृत्तपत्रांचे संपादन केलेले, मार्शमन शाळाशिक्षक. ही निवड केवळ धर्मनिष्ठा पाहून झालेली नव्हती. हातातील कसबही तितकेच मोलाचे मानले गेले होते. कंपनीच्या हद्दीत राहण्यास मज्जाव असल्याने त्यांनी डॅनिश वसाहत असलेल्या सेरामपूरमध्ये आश्रय घेतला. जानेवारी १८०० मध्ये कॅरी तेथे येऊन मिळाले, आणि उडनी यांनी पूर्वीच विकत घेऊन दिलेले लाकडी मुद्रणयंत्र सोबत आले.

या मंडळींनी जी राहणी स्वीकारली ती एकत्र कुटुंबासारखी होती. कोणीही खाजगी धंदा करावयाचा नाही. प्रत्येकाची मिळकत सामाईक तिजोरीत. कुटुंबाला गरजेपुरता खर्च. उरलेले सर्व मिशनच्या कामाला. १८०५ च्या कराराने हे तत्त्व लिखित स्वरूपात पक्के केले. तिजोरीत येणाऱ्या प्रवाहांपैकी तीन ठळक होते : जोशुआ व हाना मार्शमन यांनी चालविलेल्या निवासी शाळांचे शुल्क, छापखान्याचे उत्पन्न, आणि कॅरी यांचे फोर्ट विल्यम महाविद्यालयातील वेतन. १८०१ मध्ये कॅरी तेथे दरमहा ५०० रुपयांवर रुजू झाले. डिसेंटर असल्यामुळे त्यांना प्राध्यापक म्हणता येत नव्हते, म्हणून त्यांचे पद 'शिक्षक' असे ठेवले गेले. १८०७ मध्ये प्राध्यापकपद आणि १००० रुपये वेतन मिळाले. बंगाली व संस्कृतबरोबर मराठीचे अध्यापनही त्यांच्याकडे आले.

यातून एक विलक्षण रचना सिद्ध झाली. केटरिंगच्या वर्गणीदारांनी नियुक्त केलेला, कंपनीने परवाना नाकारलेला माणूस कंपनीच्याच महाविद्यालयात नोकर झाला. तो पगार डॅनिश वसाहतीतील सामाईक तिजोरीत जमा होऊ लागला. १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर मिशनरी कार्यावर निर्बंध आले, तरी महाविद्यालयाच्या पुस्तकांची छपाई सुरूच होती.

५. दोन तिजोऱ्या, दोन ग्रंथमाला

सेरामपूरच्या मराठी ग्रंथांकडे आता पाहावे. त्यांचे दोन गट सहज पडतात. पहिला गट बायबलच्या भाषांतरांचा : १८०५ मधील मत्तयाचे शुभवर्तमान, १८११ मधील नवा करार. दुसरा गट व्याकरण (१८०५), कोश (१८१०), 'सिंहासनबत्तिशी' (१८१४), 'हितोपदेश' (१८१५), रघूजी भोसल्यांची वंशावळी आणि 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' (१८१६) यांचा. पहिल्या गटाचा खर्च धर्मदाय निधीतून, म्हणजे इंग्लंडमधील वर्गण्या आणि १८०४ मध्ये स्थापन झालेल्या बायबल सोसायटीचे साहाय्य यांतून होई. दुसऱ्या गटाला आधार महाविद्यालयाचा होता; नवे मुलकी अधिकारी हा त्याचा पहिला वाचकवर्ग.

या भेदाचे परिणाम तीन ठिकाणी दिसतात. पहिला परिणाम ग्रंथनिवडीवर. दुसऱ्या गटातील कथाग्रंथांत ख्रिस्ती उपदेश नाही. विक्रमादित्याच्या सिंहासनावरील पुतळ्या आणि पंचतंत्राच्या परंपरेतील पशुपक्षी मिशनऱ्यांच्या छापखान्यातून बाहेर पडले, कारण ते पाठ्यपुस्तक म्हणून हवे होते. 'सिंहासनबत्तिशी', 'हितोपदेश' आणि प्रतापादित्याचे चरित्र हे तीनही विषय बंगालीत १८०१-०२ च्या सुमारास त्याच महाविद्यालयासाठी छापले गेले होते. प्रतापादित्य हा जेसोरचा राजा. मराठी मुलखाशी त्याचा काहीही संबंध नाही. रामराम बसू यांच्या बंगाली चरित्राचे मराठी रूप का व्हावे, याचे उत्तर मराठी वाचकाच्या अभिरुचीत सापडणार नाही; ते एकाच खात्यातून चालणाऱ्या पाठ्यक्रमात सापडते.

दुसरा परिणाम लिपीवर. कोश आणि त्यानंतरचे कथाग्रंथ मोडीत छापले गेले. अधिकाऱ्याला दफ्तर वाचावयाचे होते, आणि दफ्तर मोडीत होते. मोडीचे खिळे पाडण्याचा खटाटोप व खर्च या उपयोगामुळेच समर्थनीय ठरला. पुढे मुंबई इलाख्यात शालेय पुस्तकांनी बालबोध लिपी स्थिर केली तेव्हा सेरामपूरचे मोडी ग्रंथ नव्या वाचकाच्या हातून निसटले. त्यांचा प्रभाव मर्यादित राहिला यामागील एक कारण येथे आहे.

तिसरा परिणाम भाषेवर. कॅरी मराठी मुलखात कधी राहिले नाहीत. त्यांचे मराठी हे महाविद्यालयातील मराठी पंडित वैजनाथ यांच्यावर अवलंबून होते. बाजारात, मंडळीत, घरात तपासून घेण्याची सोय नसलेले हे गद्य होते. मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनरींनी सेरामपूरचे भाषांतर न स्वीकारता स्वतःचे हाती घेतले, हे या संदर्भात समजण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये संस्थेच्या नियतकालिक वृत्तांतांत अल्प वर्गणी देणाऱ्यांची नावेही छापली जात. परंतु मासिक वेतनावर मराठी वाक्य घडविणाऱ्या पंडितांविषयी आपणास अत्यंत तुटपुंजी माहिती उरते. निधीच्या नोंदीत जो दाता आहे तो इतिहासात राहिला. जो वेतनभोगी होता तो नाहीसा झाला. मराठी गद्याचा आरंभ शोधणाऱ्याने ही उणीव विसरता कामा नये.

समकालीन तंजावरशी तुलना उद्बोधक ठरेल. सरफोजीराजे यांच्या आश्रयाने १८०६ मध्ये 'बाळबोध मुक्तावळि' देवनागरीत छापली गेली. तेथे राजाश्रय, येथे वर्गणी आणि वेतन. दोन्ही ठिकाणे महाराष्ट्राबाहेरची. मराठी मुद्रित गद्य मराठी वाचकाच्या पैशावर उभे राहण्यास अजून अवकाश होता.

६. दोर कोणाचा?

११ मार्च १८१२ रोजी सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, खिळे, हस्तलिखिते यांची मोठी हानी झाली. मुद्रणयंत्रे मात्र वाचली. बातमी इंग्लंडला पोहोचल्यावर सुमारे दोन महिन्यांत नुकसानीइतकी रक्कम जमली. निधीसाठी स्कॉटलंडचे पाच दौरे करणाऱ्या फुलर यांच्या परिश्रमाचे हे फळ होते. पण या यशात पुढील संघर्षाचे बीजही होते. वर्गणीदारांची संख्या वाढली, समिती मोठी झाली, आणि १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना परवान्याचा मार्ग खुला केल्यावर संस्थेचे स्वरूप खाजगी मित्रमंडळाऐवजी कार्यालयाचे होऊ लागले.

फुलर यांच्या निधनानंतर नव्या समितीने सेरामपूरच्या मालमत्तेचे विश्वस्त कोण, असा प्रश्न उपस्थित केला. सेरामपूरचे म्हणणे असे की, ही मिळकत आम्ही श्रमाने मिळविली व मिशनला वाहिली. तिची व्यवस्था आम्हीच पाहू. समितीचे म्हणणे असे की, तुम्ही आमचे नियुक्त सेवक आहात. सेवकाची मिळकत संस्थेची. तरुण मिशनऱ्यांनी सेरामपूर सोडून कलकत्त्यात वेगळी चूल मांडली; त्यांत कॅरींचे पुतणे युस्टेस कॅरी होते. १८२७ मध्ये सेरामपूर आणि संस्था अधिकृतपणे विभक्त झाल्या. या वादात कोणा एका पक्षास लोभी ठरविणे अन्यायाचे होईल. कॅरींनी मोठे वेतन मिळवूनही स्वतःसाठी संपत्ती साठविली नाही. समितीलाही पेनी-पेनी देणाऱ्या माणसास हिशेब द्यावयाचा होता. संघर्ष माणसांचा कमी आणि दोन तत्त्वांचा अधिक होता : जो कमावतो तो ठरवील, की जो नेमतो तो ठरवील?

काळाने निकाल दिला तो तत्त्वावर नव्हे, बाजारावर. १८३० नंतर कलकत्त्याच्या मोठ्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या. सेरामपूरच्या ठेवीही गेल्या. कॅरींचे महाविद्यालयीन उत्पन्नही आटले. ९ जून १८३४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. १८३७ मध्ये मार्शमन यांच्या निधनाच्या सुमारास सेरामपूर मिशन पुन्हा मातृसंस्थेत विलीन झाले.

७. अमेरिकेतील विस्तार आणि मुंबईचा धागा

नियुक्ती आणि निधी यांचा हाच पेच अमेरिकेत अधिक तीव्रपणे दिसतो. फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम येथे पाच तरुणांना दीक्षा मिळाली. त्यांना पाठविणारे मंडळ काँग्रिगेशनल पंथीयांचे होते. त्यांपैकी अडोनिराम जडसन आणि ल्यूथर राइस यांनी कलकत्त्यास आल्यावर बाप्टिस्ट मताचा स्वीकार केला. मत बदलताच पूर्वीच्या मंडळाचा आधार नैतिकदृष्ट्या सुटला. जडसन ब्रह्मदेशाकडे वळले. राइस निधीसाठी मायदेशी परतले, आणि त्यांच्या प्रचारातून मे १८१४ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकन बाप्टिस्टांचे राष्ट्रीय मंडळ उभे राहिले. त्याच पाचांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईस आले. त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले, ज्याने १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' काढले. एकाच समारंभातून ब्रह्मी बायबल आणि मराठी नियतकालिक अशा दोन परंपरा निघाव्यात, हा योगायोग मराठी अभ्यासकाने नोंदवून ठेवावा असा आहे.

१८४५ मध्ये गुलामांचे मालक असलेल्या व्यक्तीस मिशनरी म्हणून नेमावे काय, या प्रश्नावर अमेरिकन बाप्टिस्ट दुभंगले. दक्षिणेकडील मंडळ्यांनी जॉर्जियातील ऑगस्टा येथे स्वतंत्र संघटना स्थापिली. वर्गणी देणाऱ्यास नियुक्तीत मत असावे, या तत्त्वाचा हा काळोखा अर्थ होय. त्याच संघटनेने १८७३ मध्ये चीनला पाठविलेल्या लॉटी मून यांच्या आग्रहातून १८८८ मध्ये स्त्रियांनी नाताळचा निधी सुरू केला; आणि १९२५ मध्ये स्वायत्त मंडळ्यांनी आपल्या दानाचा ठरावीक वाटा एकत्र देण्याची सहकारी योजना स्वीकारली. केटरिंगच्या वर्गणीपेटीचे हे संस्थात्मक रूप होते.

८. समारोप

मराठी साहित्यात या प्रश्नाला सर्वांत उत्कट उत्तर मिळाले ते बाप्टिस्टांकडून नव्हे. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. पगार घेणाऱ्याचा शब्द श्रोत्याला विकलेला वाटतो, ही त्यांची जाणीव होती. मदनावतीहून आता पैसे नकोत असे लिहिणारे कॅरी आणि नगरहून पगार सोडणारे टिळक यांच्यात शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. दोघांची भूमिकाही एक नव्हे. कॅरींना काटकसरीने कार्य वाढवावयाचे होते. टिळकांना परक्या दोराशिवाय उभे राहावयाचे होते. परंतु दोघांनाही एक गोष्ट कळली होती की, निर्वाहाचे साधन भाषेच्या आशयात उतरते.

म्हणून सेरामपूरच्या ग्रंथांना सरसकट 'मिशनरी वाङ्मय' म्हणणे अभ्यासाच्या दृष्टीने सदोष आहे. मत्तयाचे शुभवर्तमान आणि 'सिंहासनबत्तिशी' एकाच यंत्रावर छापली गेली, पण एकाच तिजोरीतून नव्हे, आणि एकाच वाचकासाठीही नव्हे. हा भेद ध्यानात घेतला, तर मोडीची निवड, प्रतापादित्याचा अनपेक्षित प्रवेश, गद्याची पुस्तकी घडण आणि वैजनाथ पंडितांची पुसट प्रतिमा या सुट्या वाटणाऱ्या गोष्टी एका सूत्रात येतात. पदव्युत्तर वर्गात हे ग्रंथ शिकविताना प्रत्येक ग्रंथापुढे 'लेखक' आणि 'वर्ष' या रकान्यांबरोबर 'खर्च कोणाचा' असा तिसरा रकाना मांडावा. तो रकाना भरताना जेथे लेखणी अडखळेल, तेथूनच पुढील संशोधनास प्रारंभ करता येईल.